बातमी वाजवून घ्यावी

वर्तमानपत्रांवर लोकांचा विश्वास राहिला नाही, अशी ओरड हल्ली खुद्द पत्रकर्तेच करू लागले आहेत. सभा भरतात, परिसंवाद होतात, आणि थोरथोर संपादक व्यासपीठावरून सांगतात की, लोक फोनवरच्या फुकट मजकुराला भुलले, वाचनाची गोडी गेली, काळ वाईट आला. म्हणजे दोष सगळा गिऱ्हाइकाचा! दुकानदाराने मापात मारावे आणि गिऱ्हाईक दुसऱ्या पेठेत गेले की त्याच्या नावाने बोटे मोडावीत, तशातलाच हा प्रकार आहे.

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, विश्वास कसा जोडतात हे तुम्हांस सांगण्याची गरज नाही. कुंभारवाड्यात मडके घेताना बाई ते बोटाने वाजवून पाहते. कुंभार तिच्यावर रागावत नाही, उलट तोच म्हणतो, "वाजवून घ्या, बाई." बैलबाजारात दात पाहतात, बैल चार पावले चालवून पाहतात, मानेवर जू ठेवून पाहतात. सोनार कसोटीच्या दगडावर रेघ ओढून दाखवतो. बातमी हा एकच माल असा निघाला आहे की, विकणारा म्हणतो, "आम्ही छापले आहे ना, मग खरे समजा!" आमचे म्हणणे एवढेच की, पत्रकर्त्यानेही आपला माल वाचकाला वाजवू द्यावा. बातमी कोणी डोळ्यांनी पाहिली की कोणाकडून ऐकली, ज्याच्याविरुद्ध ती आहे त्याला विचारले काय, कागद असेल तर तो कोणाच्या हातून आला, हे बातमीतच सांगावे. आणि चूक निघाली तर ती जेथे छापली तेथेच, तेवढ्याच ठळक अक्षरांत दुरुस्त करावी. ही काही आमच्या डोक्यातून निघालेली नवी युक्ती नव्हे. पुणे शहराने हा धडा एकोणिसाव्या शतकातच घेतला आहे, व त्याची किंमतही भरपूर मोजली आहे.

1881 सालच्या जानेवारीत पुण्यात 'केसरी' व 'मराठा' ही दोन पत्रे निघाली. मराठी 'केसरी'चे काम गोपाळराव आगरकर पाहत, इंग्रजी 'मराठा'चे बाळ गंगाधर टिळक. दोघेही तेव्हा पंचविशीच्या आतबाहेरचे, नुकते पदवी घेऊन बाहेर पडलेले. त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते. हे दत्तक आलेले, वयाने कोवळे. त्यांना वेड लागले आहे असे सरकारने ठरवले होते, आणि त्यांना पहाऱ्यात ठेवून त्यांचे हाल केले जातात, अशी कुजबूज साऱ्या दख्खनेत चालली होती. संस्थानचा कारभार रावबहादूर महादेव वासुदेव बर्वे यांच्या हाती होता. पुण्याच्या या पत्रांनी महाराजांची बाजू घेतली व बर्व्यांवर लेखणी धरली. येथवर कोणीही त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. राजा असो वा रंक, ज्याला बोलू दिले जात नाही त्याच्या वतीने बोलणे हे पत्राचे कामच आहे.

पुढे घोटाळा झाला तो असा. बर्व्यांनी लिहिलेली म्हणून काही पत्रे पुण्यात आली. त्यांवरून महाराजांविरुद्ध कट चालला आहे असे दिसत होते. दोन्ही पत्रांनी त्या कागदांच्या भरवशावर मजकूर छापला. बर्व्यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद केली, आणि मुंबईच्या हायकोर्टापुढे ते कागद बनावट ठरले. संपादकांनी माफी मागितली; पण तीर सुटून गेला होता. जुलै 1882 मध्ये टिळक व आगरकर या दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढून ते त्या साली ऑक्टोबरात सुटले. आगरकरांनी पुढे या दिवसांवर पुस्तकच लिहिले.

या खटल्यातली एक गोष्ट आमच्या वाचकांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी. आरोपींना जामीन हवा होता, आणि रक्कम दहा हजार रुपयांची, म्हणजे त्या काळी डोळे पांढरे करणारी. ती हमी पुण्याचे रामशेट बापूशेट उरवणे यांनी दिली, व ती द्यावी म्हणून त्यांना सांगितले जोतीराव फुले यांनी. याच 'केसरी'च्या संस्थापक मंडळींतले विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी आपल्या 'निबंधमाले'त जोतीरावांची किती टवाळी केली होती, हे पुण्यात कोणाला ठाऊक नव्हते? पण जोतीरावांनी तो हिशेब त्या दिवशी काढला नाही. कोल्हापूरच्या गादीसाठी दोन तरुणांनी लेखणी उचलली व ते अडचणीत आले, एवढेच त्यांनी पाहिले. हा मोठेपणा आजच्या पत्रसृष्टीत शोधून काढावा लागेल. येथे एका पत्राचा संपादक कोर्टात खेचला गेला की दुसऱ्या पत्राचा मालक आपला खप किती वाढेल याचा आकडा मांडत बसतो.

असो. मुख्य मुद्दा पुढे आहे. महाराजांचे हाल होतात ही तक्रार खोटी होती काय? डिसेंबर 1883 मध्ये, म्हणजे खटल्याच्या निकालानंतर दीड वर्षाच्या आत, अहमदनगरच्या किल्ल्यात गोऱ्या रखवालदाराशी झालेल्या झटापटीत हे महाराज मरण पावले. वय अवघे वीस वर्षांचे. म्हणजे मूळ दुखणे खरे होते. पण कागद खोटे निघाल्याबरोबर सगळा वाद, पत्रे कोणी लिहिली, कोणी आणली, कोणी छापली, याच गल्लीत शिरला, आणि पहाऱ्यातल्या त्या पोराचे काय चालले आहे हा प्रश्न बाजूला पडला. ज्याला चौकशी नको होती त्याच्या हाती आयते उत्तर आले : "या पत्रांचे काय ऐकता? यांनी तर बनावट कागद छापले!" खोट्या बातमीने खोट्या माणसाचे नुकसान फारसे होत नाही; खऱ्या तक्रारीचे होते. गावात कोणी एकाने पाटबंधाऱ्याच्या अधिकाऱ्यावर लाच घेतल्याचा खोटा पुरावा रचला, तर पुढची दहा वर्षे खरी लाच दिलेला शेतकरीही खोटा ठरतो. हे तुम्ही आपापल्या गावी पाहिलेच असेल.

आता विचार करा, त्या कागदांची परीक्षा अशी काय अवघड होती? बर्वे हे कारभारी; त्यांच्या अक्षराचे, सहीचे कागद दप्तरोदप्तरी पडलेले. अक्षराशी अक्षर ताडून पाहता आले असते. कागद कोणी आणला, त्याला तो कोठे मिळाला, हा कारभाऱ्यांच्या पेटीतला कागद त्याच्या हाती लागला कसा, आणि तो छापून आल्याने त्याचा काय फायदा, हे चार प्रश्न विचारता आले असते. बर्व्यांनाच लिहिता आले असते की, आपल्या नावाची अशी पत्रे आमच्याकडे आली आहेत, आपले काय म्हणणे? पण जो कागद आपल्याला हवे तेच सांगतो त्याच्याविषयी संशय येत नाही. माणसाचा स्वभावच तसा. म्हणूनच शहाणा पत्रकर्ता आपल्या मताला अनुकूल असलेल्या कागदाकडे अधिक बारीक नजरेने पाहतो. विरुद्ध पक्षाचे कागद तर आपण तपासतोच.

दुसरा प्रसंग 1897 सालचा. पुण्यात प्लेगने हाहाकार केला होता. रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे सोल्जर घरोघर शिरून झडत्या घेत, सामान रस्त्यावर फेकत, बायाबापड्यांना उघड्यावर तपासत. लोक हवालदिल झाले होते. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्याकरिता विलायतेस गेले होते. ते स्वतः पत्रकर्तेच. 'सुधारक' पत्राची इंग्रजी बाजू त्यांनी सांभाळली होती. पुण्याहून त्यांना पत्रे गेली की, सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले. गोखल्यांनी ती हकीकत तेथील 'मँचेस्टर गार्डियन' पत्रास सांगितली. विलायतेत एकच गहजब उडाला. सरकारने पुरावा मागितला. गोखले परत आले, पत्रे लिहिणारांना भेटले, आणि पाहतात तो, पत्रात छातीठोकपणे लिहिणारे पुढे येऊन साक्ष देण्यास तयार नाहीत! त्यांची नावे सांगून त्यांना सरकारच्या तोंडी देणे गोखल्यांना पटले नाही. त्यांनी सगळा दोष आपल्यावर घेतला व ऑगस्ट 1897 मध्ये जाहीरपणे, काही हातचे न राखता, माफी मागितली.

पुण्यात त्यावरून त्यांची जी निंदा झाली ती विचारू नका. कोणी भित्रा म्हटले, कोणी देशाची मान खाली घातली म्हटले. झडत्यांचा जुलूम तर खराच होता, मग माफी कशाची, असाही सवाल झाला. आमच्या मते सवाल चुकीचा आहे. जुलूम झाला ही एक गोष्ट, आणि अमुक दोन स्त्रियांवर अमुक अत्याचार झाला ही दुसरी. पहिली सिद्ध आहे म्हणून दुसरी छापण्याचा परवाना मिळत नाही. गोखल्यांना दुसरी शाबीत करता येईना, तेव्हा त्यांनी ती मागे घेतली. या माफीने त्यांची पत बुडाली असे ज्यांना वाटले, त्यांनी पुढची वर्षे मोजावी : याच माणसाने 1902 पासून व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अंदाजपत्रकावर भाषणे केली, आणि त्यांतले आकडे खोडून काढणे सरकारी पक्षालाही जड गेले. चार लोकांदेखत एकदा पोळलेला माणूस पुढे आकडा तपासल्याशिवाय बोलत नाही, हे सर्वांस कळले होते.

गोखल्यांना पत्रे लिहिणारे मागे का सरले, याचाही विचार करावा. त्यांना भय होते, व ते खोटे नव्हते. आजही खेड्यातला मजूर बातमीदाराला सांगतो, "लिहा, पण माझे नाव घालू नका, उद्या मला याच पाटलाच्या बांधावरून जायचे आहे." त्याचे नाव झाकणे हे बातमीदाराचे कर्तव्य आहे. पण नाव झाकायचे तर बातमीदाराने दुप्पट खटपट करावी : दुसरा साक्षीदार गाठावा, हजेरीपत्रक पाहावे, सातबाराचा उतारा काढावा, जागेवर जाऊन यावे. आणि वाचकाला सांगावे की, नाव का दिले नाही व खातरजमा कशी केली. 'विश्वसनीय सूत्रांकडून कळते' हे तीन शब्द लिहिले की काम झाले असे समजणारे बातमीदार फार झाले आहेत. ते सूत्र पुष्कळदा चहाच्या टपरीवर गाठ पडलेला पुढाऱ्याचा हस्तक असतो.

ही झाली मोठ्या माणसांची मोठी प्रकरणे. तुमच्या घरात बातमी रोज शिरते ती बाजारभावाच्या रूपाने, आणि तेथे फसगत होते ती खटल्यावाचूनच पचते. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हंगामातली आंब्याची पहिली पेटी येते, तिची पूजा होते, आणि हौसेमौजेने तिचा लिलाव चढतो. दुसऱ्या दिवशी पत्रात मथळा येतो की, आंब्याला एवढ्या हजारांचा भाव! तो भाव मुहूर्ताचा, एका पेटीचा. त्यावरून बागवाल्याने वर्षाचा हिशेब मांडला तर त्याचे दिवाळे निघेल. कांद्याचेही तेच. बाजार समिती रोज तीन भाव नोंदते : सर्वांत कमी, सर्वांत जास्त, आणि ज्या भावाने बहुतेक माल गेला तो सर्वसाधारण भाव, शिवाय आवक किती झाली तो आकडा. मथळ्यात मात्र सर्वांत जास्त भाव तेवढा चढतो. समजा, दोनशे गाड्या आल्या आणि त्यांतल्या एका गाडीच्या निवडक मालाला चढा भाव मिळाला. पत्रात तोच आला. शिरूर-जुन्नरकडच्या शेतकऱ्याने तो वाचला, घाईने चाळ फोडली, उसनवारीने टेम्पो केला. त्याच्यासारख्याच शेकडोंनी केला. आवक फुगली आणि भाव बसला. त्याच्या हातात पट्टी पडली तेव्हा हमाली, तोलाई, भाडे वजा जाता जे उरले ते पाहून तो कोणास शिव्या देईल? अडत्याला, सरकारला, नशिबाला. पत्रकर्त्याचे नाव त्याच्या तोंडी येणारही नाही. पण हा गुन्हा त्याचाही आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. पुण्यास कांद्याचा भाव दहा किलोवर बोलतात, लासलगावी क्विंटलवर. दोन्ही आकडे एका खाली एक छापून त्यांतले माप न सांगणारी पत्रे आम्ही पाहिली आहेत. ज्या घरात एकच मुलगी वाचणारी आहे आणि ती आजोबांना भाव वाचून दाखवते, त्या घरात या हलगर्जीपणाने काय होत असेल? मंत्र्यांच्या भाषणातला एक शब्द इकडचा तिकडे झाला तर संपादकाला रात्री फोन येतो. भावातले शून्य इकडचे तिकडे झाले तर कोणी फोन करीत नाही. म्हणून शून्याची फिकीर नाही. आमच्या मते पत्राची परीक्षा मंत्र्याच्या भाषणावर न घेता भावाच्या कोष्टकावर घ्यावी. डॉ. नारायण भिकाजी परुळेकर अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आले व 1932 च्या जानेवारीत त्यांनी पुण्यात 'सकाळ' काढला, तेव्हा पुढाऱ्यांच्या मोठमोठ्या वादांपेक्षा शहरातल्या व गावोगावच्या साध्या बातम्या मिळवण्यावर त्यांनी भर दिला, त्यासाठी ठिकठिकाणी बातमीदार नेमले. लोकांनी ते पत्र उचलून धरले, कारण त्यात आपल्या गावचे नाव दिसे, आणि गावची बातमी खोटी छापली तर गावच सांगे की ही खोटी आहे. वाचकाला जी बातमी स्वतः पडताळता येते ती खरी छापावीच लागते.

आता पैशाच्या गोष्टीकडे येऊ. ऑक्टोबर 2009 मध्ये महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक झाली. त्या वेळी एकमेकांशी चुरस करणाऱ्या मोठमोठ्या मराठी पत्रांत एकाच पुढाऱ्याच्या स्तुतीचे तेच ते लेख, शब्दाला शब्द जुळणारे, बातमी म्हणून छापून आले. पत्रकार पी. साईनाथ यांनी ही गोष्ट 'द हिंदू' पत्रातून चव्हाट्यावर आणली, आणि उमेदवारांकरिता बातम्यांचे दर ठरलेले असतात हेही लिहिले. प्रेस कौन्सिलने दोन जणांची समिती नेमली. समितीने पत्रांची नावे घेऊन लांबलचक अहवाल दिला. मग कौन्सिलने काय करावे? 2010 मध्ये तिने छोटासा गुळमुळीत अहवाल पुढे केला व मूळ अहवाल दाबून ठेवला! 2011 मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने आदेश दिला तेव्हा तो लोकांपुढे आला. पत्रांची अब्रू राखण्यासाठी नेमलेल्या संस्थेने पत्रांचीच नावे झाकावीत, याहून मोठी थट्टा कोणती?

जाहिरात छापणे पाप नव्हे. बियाणेवाला, औषधवाला, पतपेढी, सर्वांनी जाहिरात द्यावी. पत्र त्याशिवाय चालत नाही हे आम्ही जाणतो. पण वर मोठ्या अक्षरांत 'जाहिरात' असे लिहावे. कापसाच्या अमुक बियाण्याने एकरी अमुक उत्पन्न आले अशी 'यशोगाथा' छापायची, त्या शेतकऱ्याचा फेटा बांधलेला फोटो द्यायचा, आणि मजकूर कंपनीने लिहून दिला हे सांगायचे नाही, हे सरळ सरळ खिसे कापणे आहे. वाचक बियाणे घेतो ते जाहिरातीवरून नव्हे, आपल्या पत्राने सांगितले म्हणून घेतो. दुबार पेरणीचा खर्च त्याच्या माथी येतो.

पैसे घेऊन छापणे जसे वाईट, तसेच पैसे देत असूनही न छापणे वाईट. डॉ. आंबेडकरांनी 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' काढला, तेव्हा त्याची साधी जाहिरात पैसे देऊ केले असताही 'केसरी'ने घेतली नाही; बाबासाहेबांनीच पुढे ही हकीकत लिहून ठेवली आहे. छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली म्हणून ते पत्र उभे राहिले. ज्या वस्तीचे नाव पत्रात दंगा झाला तरच येते, एरवी येत नाही, त्या वस्तीने त्या पत्रावर विश्वास का ठेवावा? आजही तालुक्याच्या बातमीत सभापती बोलतात, तहसीलदार बोलतात, कारखान्याचे चेअरमन बोलतात. ज्या ऊसतोड बाईच्या पायावर कोयता लागला ती बोलत नाही. तिला विचारायला फडात जावे लागते, आणि फडात चहा मिळत नाही.

आमच्या पक्षाच्या पत्रांविषयीही एक शब्द बोलणे भाग आहे, नाहीतर लोक म्हणतील, दुसऱ्याचे डोळ्यातले कुसळ तेवढे दिसते. 1925 साली पुण्यात दिनकरराव जवळकरांचे 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक निघाले. प्रकाशक केशवराव जेधे. त्यावर खटला झाला, खालच्या कोर्टाने शिक्षा दिली, आणि अपिलात डॉ. आंबेडकरांनी बाजू मांडून 1926 मध्ये आरोपींना सोडवले. जवळकरांची लेखणी म्हणजे आसूड होता, व तो खाण्याजोगी पाठ समोर होती यात संशय नाही. पण आज त्या पुस्तकाचे नाव निघाले की लोकांना त्यातल्या शिव्या आठवतात, मुद्दे आठवत नाहीत. जवळकरांहून दहा पट कमी बुद्धीचे लोक आज त्यांच्या शिव्यांची तेवढी नक्कल करतात. ज्याच्याजवळ दाखला आहे त्याला आवाज चढवावा लागत नाही.

ज्या कागदावर छापणाराचे नाव नसते त्याचे काय होते हेही महाराष्ट्राने पाहिले. 1867 च्या कायद्याने छापील कागदावर छापणाराचे नाव व ठिकाण घालणे भाग केले. तो कायदा इंग्रजांनी आपल्या सोयीसाठी केला होता, आणि 1 मार्च 2024 पासून त्याच्या जागी नवा कायदा आला. पण त्यातून वाचकाची एक सोय आपोआप झाली : खोटे छापणारा कोण हे कळत असे. फोनवरून फिरणाऱ्या मजकुराला ना छापखाना, ना संपादक, ना पत्ता. 2018 च्या उन्हाळ्यात मुले पळवणारी टोळी आली आहे अशी आवई अशाच मजकुरांतून राज्यभर फिरली. 1 जुलै रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजारी आलेल्या पाच भटक्या माणसांना जमावाने ठेचून मारले. मंगळवेढ्याकडचे हे नाथपंथी डवरी गोसावी. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव भिक्षा मागून जगणारे. कोणाचे मूल हरवले होते? कोणाचेही नाही. पुढे त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपवाल्यांनी एक मजकूर एका वेळी पाचांपेक्षा अधिकांना पुढे ढकलता येऊ नये अशी मर्यादा घातली. पाच माणसे गेल्यावर पाचाची मर्यादा!

अशा वेळी लोकांना धाव घ्यायला एक विश्वासाचे ठिकाण लागते. 'थांबा, आमच्या पत्रात काय आले आहे ते पाहू' असे म्हणणारा एक जरी माणूस त्या बाजारात असता, आणि त्याचे जमावाने ऐकले असते! पण तसे म्हणण्याजोगे पत्र त्या गावात जात होते काय, त्या लोकांच्या बोलीत कोणी त्यांना कधी काही सांगितले होते काय, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या संपादकांनी आपल्याला विचारावा. पत गरजेच्या दिवशी जोडता येत नाही. सावकाराचे घर जसे आधी माहीत असावे लागते, तसेच हे.

येथवर पत्रकर्त्यांची हजामत झाली. आता वाचकांचीही थोडी. 1 जानेवारी 1877 रोजी कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधु' काढले. दख्खनेत दुष्काळ, शेतकरी कर्जात बुडालेला, आणि त्याच्या बाजूने बोलणारे एक तरी पत्र असावे म्हणून या गृहस्थाने पदरमोड करून ते चालवले. पैशाच्या ओढाताणीने तीन वर्षांत त्याला ते सोडावे लागले. 1880 मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईस नेले म्हणून जगले. भालेकरांचेच पुत्र मुकुंदराव पाटील यांनी 1910 पासून थेट 1967 पर्यंत 'दीनमित्र' चालवले, तेही नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून. खेड्यात छापखाना, खेड्यातच संपादक. असा संपादक खोटे छापून रात्री सुखाने झोपू शकत नाही, कारण सकाळी पाणवठ्यावर त्याला गाठणारे लोक हजर असतात. असे पत्र फुकट चालत नाही. जे पत्र तुमच्या वर्गणीवर जगत नाही ते दुसऱ्या कोणाच्या तरी पैशावर जगते, आणि त्याचे मन कोठे वळेल हे वेगळे सांगायला नको. महिन्याला तंबाखूवर जाते त्याच्या निम्मे पत्रावर घाला आणि मग हक्काने संपादकाची मान धरा.

मान धरण्याचा रस्ताही सांगून ठेवतो. बातमी खोटी किंवा अर्धवट वाटली, तर प्रथम संपादकाला लेखी पत्र लिहावे : कोणत्या तारखेचा अंक, कोणते पान, चूक कोणती, खरे काय. कात्रण जोडावे, पत्राची नक्कल ठेवावी, पोस्टाची पावती ठेवावी. ग्रामपंचायतीचा वा बाजार समितीचा कागद असेल तर त्याची प्रत लावावी. उत्तर आले नाही किंवा उडवाउडवीचे आले, तर दिल्लीच्या प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. दैनिक-साप्ताहिकांच्या बाबतीत ती मजकूर छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत गेली पाहिजे. कौन्सिलला दंड करता येत नाही, तुरुंगात टाकता येत नाही. ताकीद देणे, ठपका ठेवणे एवढेच तिच्या हाती आहे. टीव्हीवाले तर तिच्या कक्षेबाहेरच आहेत. तरीही तक्रार करावी, आणि एकट्याने करू नये. ज्या दिवशी भावाच्या कोष्टकातले चुकलेले शून्य दाखवणारी पन्नास पोस्टकार्डे एकाच गावातून संपादकाच्या टेबलावर पडतील, त्या दिवसापासून ते कोष्टक दोनदा तपासून छापखान्यात जाऊ लागेल.